आपोआप बंद होणारी शेगडी

"जाळ विझला की हिचा गॅस आपोआप बंद होतो," असं म्हणून दुकानदारानं बर्नर पेटवला आणि ज्योतीवर जोरात फुंकर मारली. ज्योत गेली. थोडा वेळ नुसता सूंऽऽ असा आवाज येत राहिला. मग आतून टक् झालं आणि तोही थांबला.

राजेश्वरी त्या शेगडीकडं बघतच राहिली.

"आणि ही?" विश्वजितनं शेजारच्या शेगडीवर हात ठेवला. "हिचीबी काच तसलीच, बर्नर तेवढंच. दिसायला तर हीच झ्याक हाय."

"हिला ती सोय नाही, साहेब."

"नसू दे की! घरात दोन-दोन बायका असताना गॅस सुटला तर वास येणार न्हाई व्हय?"

तो हसला. दुकानदारही हसला. राजेश्वरीला हसू आलं नाही. तिच्या सासूला, रंगूबाईंनाही आलं नाही.

विश्वजित फौजेत होता. सुट्टी काढून त्यानं माधवनगरजवळचं घर पुरं करत आणलं होतं, आता स्वयंपाकघराचा ओटा तेवढा राहिला होता. म्हणून बायकोला आणि आईला घेऊन तो सांगलीच्या या दुकानात आला होता. इंडक्शनची शेगडी त्यांनी आधीच नको म्हणून टाकली होती. लाइट गेली की उपाशी बसायचं, शिवाय भाकरी फुगवायला जाळ लागतोच. भिंतीत बसवायचा ओव्हन विश्वजितला लेकीच्या केकसाठी हवा होता. रंगूबाईंनी काचेतून आत डोकावून, "ह्यात भांडी ठिवायची का?" असं विचारलं आणि तोही विषय संपला.

आता या दोन शेगड्या उरल्या होत्या. विश्वजितनं साधी पसंत केली होती.

राजेश्वरीची नजर मात्र पहिल्या शेगडीवरून हलेना. कोरोनाच्या साथीत त्यांच्या घरातही ताप आला होता. विश्वजित तेव्हा सीमेवर होता. सासू-सुना दोघी अंथरुणाला खिळल्या आणि दोघीही उठल्या. पण राजेश्वरीला वास यायचा बंद झाला तो परत आलाच नाही. येईल, येईल म्हणून तिनं वाट बघितली. तेवढ्यात रंगूबाईंनी स्वयंपाकघर तिच्या हाती सोपवलं. हिच्या हाताला चव हाय, असं त्या आल्यागेल्याला सांगायला लागल्या. मग सांगायचं कोणत्या तोंडानं? ती फोडणी रंगावरून ओळखायला शिकली. दूध नासलंय का, ते उकळून बघायची. भीती होती ती फक्त गॅसची.

पण त्यालाही आधार होता. रंगूबाई निजायच्या आधी सोप्यातून हटकून हाक मारायच्या, "पोरी, गॅस बंद हाय न्हवं?" दिवसातून दोनदा तरी त्या उगीचच आत येऊन शेगडीपाशी घुटमळायच्या. सासूचं नाक तिखट आहे, असं राजेश्वरीनं मनाशी धरलं होतं. त्या एका भरवशावर ती लेकीला कुशीत घेऊन निवांत झोपायची.

आता मात्र रंगूबाई आटपाडीला चालल्या होत्या. थोरल्या लेकीचं बाळंतपण होतं, दोन-तीन महिने तरी जाणार. विश्वजित सुट्टी संपवून परत निघणार. नव्या घरात उरणार होत्या राजेश्वरी, तिची तीन वर्षांची पोर आणि ही शेगडी.

"मग ही साधीच बांधा," विश्वजित दुकानदाराला म्हणाला.

"आवं, थांबा." राजेश्वरीचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मला वास येत न्हाई."

"सर्दी झालीया?"

"सर्दी न्हाई. त्या तापापासनं येत न्हाई. कशाचाच."

विश्वजित तिच्याकडं बघत राहिला. "आन् हे तू आज सांगतीस? दुकानात?"

"आधी वाटलं, येईल. मग लाज वाटाय लागली. आत्यांनी एवढ्या कवतिकानं सैपाकघर हातात दिलेलं." सासूला ती आत्या म्हणायची.

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं. आता कुणी रागवो, हसो, मिरजेच्या डॉक्टरकडं नेवो. एवढी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा तिनं खाली टाकला होता.

विश्वजित रागावला नाही. त्यानं एकदा शेगडीकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मान खाली घातली आणि दुकानदाराला म्हणाला, "ती आपोआप बंद होणारीच द्या."

राजेश्वरी सासूकडं वळली. रंगूबाई स्टुलावर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. राजेश्वरी त्यांच्यापुढं वाकली.

"आत्या, रागावू नगा. तुमी हुता म्हणून निभावलं. तुमचं नाक शाबूत हाय, ह्याच भरवशावर मी झोपत आले."

रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून राजेश्वरीनं त्यांचा हात धरला. पण पदर बाजूला झाला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"अगं कुठलं नाक घिऊन बसलीस! त्याच तापात माझंबी गेलं की. तरणीताठी सून हाय, हिला तर येतोय वास, म्हणून मी आजवर तुझ्याच जिवावर घोरतीया!"