टाचेवरचा हात

दोन हजार चार साली शिरोलीच्या फौंड्रीत साचा पडून ह्यांचा पाय चेंगरला. डॉक्टर म्हणाले, "शिरेतून औषध सोडून स्कॅन करू. रक्त पोचतंय तिथं उजेड दिसेल. अंधार असेल तेवढा पाय कापावा लागेल."

घोट्याखाली सगळा अंधार होता. फक्त टाचेला धरलेला एक उजळ पंजा दिसत होता.

"पाय कुणी धरला होता?" मशीनवरच्या विद्याश्रीनं विचारलं.

"कोण धरतंय? मला तर भाईर बसवलंसा की!"

मी बोटं निरखली. अंगठ्याजवळचं बोट अर्धंच होतं. माझ्या सासूबाईंचं, आत्याबाईंचं तसंच, कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेलेलं. पहाटेच्या पाळीला लेकाला उठवताना त्या हाक मारत नसत, टाच धरून गदागदा हलवायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

टाचेला उजेड दिसला म्हणून डॉक्टर कापायचं थोडे दिवस थांबले आणि पाय वाचला. तेव्हापासून मी त्यांच्या फोटोपुढं रोज गोड चहा ठेवते. साखरेच्या आजारापायी जिवंतपणी मीच त्यांना तो देत नव्हते.

वर्षानं पुन्हा स्कॅन झाला, या वेळी सगळ्या अंगाचा. रक्त नखांपर्यंत पोचलं होतं. तरी विद्याश्रीनं मला पडद्यापाशी बोलावलं.

पंजा आता डाव्या छातीवर होता.

काचेपलीकडं हे डोळे मिटून निपचित पडले होते. पडद्यावर तो हात त्यांना गदागदा हलवत होता.

"हलवा, आत्याबाई," मी म्हणाले. "थांबू नका."