आठव्या कादंबरीतला हेर

"सातव्या कादंबरीपर्यंतचा हेर आणि आठवीपासूनचा हेर, हा एकच माणूस नाही," मुलगी म्हणाली.

लेखकाची बायको सावध झाली. तिनं तसं दाखवलं मात्र नाही. विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. चेहरा कसा ठेवायचा ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा मोठा सत्कार होता आणि ही मानसशास्त्राची विद्यार्थिनी मासिकात त्यांच्या गाजलेल्या हेरावर लेख लिहिणार होती.

"वयानं माणूस मऊ होतो गं," बायको म्हणाली.

"होतो ना काकू. पण मनाचा क्रम बदलत नाही. प्रत्येकाच्या मनातली एक शक्ती सगळ्यांच्या आधी धावते. सुरुवातीच्या हेराचा अंतर्मुख विचार पुढे धावतो. घरात रडारड चाललेली असते आणि हा आपला कुलूप बघत बसतो. आठवीपासून बहिर्मुख भावना पुढे. आधी रडणाऱ्याजवळ बसतो, कुलपाकडे ढुंकूनही बघत नाही. एवढी उलटापालट एका हातून होत नाही."

लेखक खिडकीपाशी बसले होते. एरवी गप्पिष्ट गडी, पण आज हातातल्या कॉफीचा घोटही घेतला नव्हता.

"आठवीच्या वेळी तुम्ही घरीच होतात ना, काकू?"

"छे! त्याच वर्षी मला शाखाप्रमुख केलं. मरायला फुरसत नव्हती."

मुलगी ओठ दाबून हसली. तिचा संशय कुठे चाललाय ते बायकोनं ओळखलं आणि तिला चक्क हायसं वाटलं. एवढ्यावर निभावलं तर नवऱ्याची अब्रू वाचत होती. त्यांची सारी कीर्ती पहिल्या सातांवरच तर उभी होती.

"बरं बाई, पकडलंस," ती म्हणाली. "आठवीपासूनच्या मी लिहिल्या. पहिल्या सात ह्यांच्या. छापायचं तर तसंच छाप."

मुलीचे डोळे भरून आले.

"सगळे पहिल्या सातांना डोक्यावर घेतात. मला नाही आवडत तो हेर. हुशार आहे, पण दगड. माझी आई गेली तेव्हा मी आठवी वाचली. मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्याजवळ तो नुसता बसून राहतो, एक प्रश्न विचारत नाही. ते पान लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचं होतं. लेखाचं निमित्त हो."

तिनं बायकोचा हात दोन्ही हातांत धरला. बायकोनं मान दुसरीकडे वळवली.

खिडकीपाशी खुर्ची सरकली.

"तुम्ही बसा हो," बायको घाईघाईनं म्हणाली. "तुमची कॉफी गार झाली असेल, दुसरी आणते."

लेखक बसले नाहीत. इतकी वर्षं कुणी कौतुक केलं की ते मान खाली घालत आणि लोक त्याला विनय म्हणत. आज त्यांची मान वर होती.

"तिचा हात सोड, पोरी," ते म्हणाले. "पहिल्या सात हिच्या. ते पान माझं आहे."