‘हो हो’ न चालणारा कागद

हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सोनबा गावड्यांना घरी जायला सांगितलं, पण डिस्चार्जचा कागद काही सोडायला तयार नव्हता.

“औषधं कळली का, काका?” कागदाने विचारलं.

“हो हो.”

“नुसतं ‘हो हो’ नको. तुमच्या शब्दांत सांगा.”

नर्स हसली. “आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही तो असाच धारेवर धरतो, काका.”

सोनबा गोळ्यांच्या वेळा दोनदा चुकले. कागदाने न चिडता दोनदा समजावलं. ते घरी एकटेच असतात हे कळल्यावर पाण्याची घागर उचलून देईल अशा शेजाऱ्याचं नावही त्याने लिहून घेतलं. सोनबांना त्याचं फार कौतुक वाटलं. चार वर्षांपूर्वी बायकोच्या, अनसूयेच्या ऑपरेशननंतर मिळालेला कागद मुका होता, आणि इंग्रजीत. त्यांनी तो न वाचताच देवघरात जपून ठेवला होता.

“आता शेवटचं,” कागद म्हणाला. “टाक्यांची काळजी.”

“टाके लाल झाले, ताप आला, तर उद्यावर ढकलायचं नाही. लगेच इथं यायचं.”

“अगदी बरोबर. पण काका, हे तर मी अजून सांगितलंच नव्हतं.”

“माहीत आहे,” सोनबा म्हणाले. “अनसूयेच्या वेळी आम्ही उद्यावर ढकललं होतं.”