शेवटचे तीन आकडे

भार्गवीमावशी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला राहून पीएचडी करते. राग, भीती, रडू कसं आवरता, असं इथे शिकणाऱ्या, फारसी बोलणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांना विचारणारी तिची प्रश्नावली आहे. ती भरवशाची ठरायला त्याच मुलांनी पंधरा दिवसांनी पुन्हा फॉर्म भरायचा होता. नावं विचारायला बंदी, म्हणून मावशीने भारी डोकं चालवून कोड ठेवला: तुम्ही रोज ज्या नंबरवर फोन करता, त्याचे शेवटचे तीन आकडे.

काल मी शाळेतून आले, तर मावशी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेली. दुसऱ्या वेळचे बेचाळीस फॉर्म आले होते आणि बेचाळीसही फॉर्मवर एकच कोड, ४१७!

"संपलं गं सगळं! शुक्रवारी द्यायचंय, आणि कुठला फॉर्म कोणाचा तेच कळत नाही. चेष्टा केली पोरांनी माझी!"

"अगं, मग विचार ना त्यांना! रडतेस काय?" मी तिचा फोन ओढला आणि त्यांच्यातल्याच, सगळ्यांना फॉर्म वाटणाऱ्या परीसाला स्पीकरवर घेऊन विचारलं, ही चेष्टा का केलीत?

परीसा हळूच म्हणाली, "चेष्टा नाही हो. दहा दिवस झाले, इराणला आमच्या कोणाच्याच घरी फोन लागत नाहीये. फक्त माझ्या आईचा जुना लँडलाईन तेवढा लागतो."

 

मग तीच पुढे म्हणाली, "आता सगळे रोज तिलाच फोन करतात आणि विचारतात, आई, जेवलीस का?"