नामिकुराचा सकाळचा नेम

"पोर येऊन जाऊ दे, मग बोलू," म्हणत तोकिएबाईंनी लेकीच्या हातात फडकं दिलं. "तोवर बाक पूस. रात्रीच्या वाऱ्यानं सगळी वाळू आत आणून टाकलीय."

रित्सुकोनं निमूट बाक पुसला. नामिकुरा स्टेशनात ना मास्तर, ना तिकीटखिडकी. समुद्राकडे तोंड केलेली एक खोली, एक फलाट आणि गुडघा धरून झाडणारी तिची आई. आईला कायमचं नागोयाला आपल्या घरी न्यायचं ठरवूनच ती काल आली होती. ऊन येणारी खोलीसुद्धा लावून ठेवली होती. पण आईचं एकच पालुपद, "चिनात्सुसाठी स्टोव्ह कोण पेटवणार?" टेकडीवरच्या घरातली ही शाळकरी पोर, या स्टेशनावरून सकाळी गाडी धरणारी एकटीच.

फलाटाच्या टोकाशी दगडी जिझोदेवाला पाणी घालून, हात जोडून तोकिएबाई वळल्या, तोच सायकलची घंटी वाजली.

"उशीर! आणि मफलर कुठाय?"

"पिशवीत आहे, आजी."

"पिशवीला थंडी वाजते वाटतं?"

गणवेशातली किडकिडीत चिनात्सु हसली आणि स्टोव्हशी हात शेकत बसली. तोकिएबाईंनी तिच्यापुढे भाताचा गोळा ठेवला. "आत आंबट उमेबोशी आहे. कालच्यासारखी टाकून देऊ नकोस."

"काल खाल्ली मी!"

"मग बी कुठं गेली?"

"गिळली."

"गिळली म्हणे! आता पोटात झाड येईल," असं पुटपुटत तोकिएबाई फलाट झाडायला बाहेर गेल्या.

रित्सुको मुलीजवळ सरकली. "चिनात्सु, माझं एक काम करशील? आईच्या गुडघ्यांत आता जीव राहिला नाही. पण तू या गाडीनं जातेस तोवर ती इथून हलायची नाही. तूच सांग ना तिला, माझ्यासाठी येऊ नका म्हणून. तुझं ऐकेल ती."

मुलगी खाली मान घालून घास चावत राहिली. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "काकू, आजींना सांगू नका हं. एप्रिलपासून शाळेची बस आमच्या दारातच येते."

"मग रोज टेकडी उतरून इथं कशाला?"

"आजोबा गेल्यावर आजी अंथरुणातून उठेनाशा झाल्या होत्या. फक्त माझ्या गाडीसाठी उठायच्या. मीच यायचं बंद केलं, तर त्या उठतील कशाला?"

गाडी आली. तोकिएबाईंनी पोरीच्या गळ्यात स्वतः मफलर गुंडाळला आणि पाठीत हलकासा धपाटा घालून तिला चढवलं. चालकानं पांढरा हातमोजा सिग्नलकडे रोखला, मोठ्यानं इशारा दिला, आणि गाडी वळणाआड गेली.

"आई," रित्सुको म्हणाली, "तू राहा इथंच. मीच येत जाईन."

"आत्ता कसं शहाण्यासारखं बोललीस!" तोकिएबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "तिची शाळा संपू दे, मग बघू तुझं नागोया. तिची आई गेल्यापासून घरात तोंड उघडत नाही गं ती. इथं निदान माझ्याशी भांडते, दोन घास खाते. नाहीतर तिच्या दारात बस येते, हे काय मला ठाऊक नाही?"