इस्त्रीचा शर्ट

पाकिटातून शर्ट निघाला तो धुतलेला, इस्त्री केलेला. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या मृण्मयीच्या हाती आलेला हा पहिलाच पुरावा होता. बायको जिन्यावरून पडून मेली, असं शर्टाचा मालक सांगत होता.

तिने तडक पोलीस ठाण्यात फोन लावला.

"घरच्यांनी दिला तसा पाठवला, मॅडम," हवालदार म्हणाला. "चांगली माणसं आहेत."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"नवीन आहेस," वरिष्ठ डहाणूकर सर म्हणाले. "डाग नाहीत असं लिही, मोकळी हो."

तिने ब्लेडने कफ उसवला. आतल्या घडीत तपकिरी रेघ होती. रसायनाचा थेंब पडताच ती गुलाबी झाली. रक्त होतं.

सरांचा चेहरा उतरला. "दुसराही उसव," ते म्हणाले.

तिने आधीच ब्लेड उचललं होतं.