तिरकी रेघ

पहिली ओळ तिने एका दमात लिहून टाकली: फिटरकाकांची नजर गेली आहे, त्यांना कामावरून काढावं. मग ती अडली. या कारखान्यात एवढ्यावर भागत नसे. कुणाला काढा म्हणायचं असेल, तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि काम हातात येतं तिथपासून हातातून जातं तिथपर्यंत काय काय होतं, ते एकही पायरी न गाळता स्वतःच्या हाताने लिहायचं. मालकांचा हा जुना नियम. कामगार त्याला मालकांचं खूळ म्हणत. पान लिहायच्या कंटाळ्यानेच निम्मी भांडणं मिटत.

कारखाना चष्म्यांचा होता. तिचं काम भिंगावर खुणा करायचं. काही नंबर असे असतात, की त्यांचं भिंग ठरावीक कोनातच बसावं लागतं. ती भिंग यंत्रात लावून कोन जुळवायची आणि शाईचे तीन ठिपके एका ओळीत उमटवायची. ती ओळ आडवी सरळ धरून काका भिंग फ्रेममध्ये बसवायचे. सगळे तिला ठिपकेताई म्हणत. ठिपके कसे द्यायचे, ते बारा वर्षांपूर्वी काकांनीच तिला शिकवलं होतं.

या महिन्यात अकरा चष्मे परत आले. लावला की गरगरतं, म्हणे. एक बाई पायरी चुकून जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. पुढच्या महिन्यापासून ठिपकेताईला विभागाची मुख्य करायचं ठरलं होतं, आणि नेमकं आताच हे. ठिपके यंत्र उमटवतं, यंत्र काही चुकत नाही. राहिले काका. वय एकसष्ट, हात किंचित थरथरणारा. जगाला चष्मे लावता, आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या, असं तिने त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. त्या दिवसापासून काका प्रत्येक चष्म्याचे ठिपके तीन-तीनदा बघत आणि जेवायच्या सुट्टीतही जागचे उठत नसत.

तिने लिहिलं: भिंग घेते. पुसते. यंत्रात लावते. ठिपके देते. डब्यात ठेवून काकांकडे पाठवते. झालं. पाच ओळी. अर्ध्याहून जास्त पान कोरं, आणि एवढंसं पान मालक परत करतात अशी ख्याती होती. काहीतरी भर घालायला हवी होती. लावते म्हणजे कशी लावते? भिंगाची फुगीर बाजू माझ्याकडे करून, असं तिने लिहिलं आणि तिचा हात थांबला.

हे खोटं होतं. पूर्वी ती तसं लावायची. गेल्या महिन्यात नवे डबे आले. त्यांची झाकणं खोलगट नव्हती, ती फुगीर बाजूवर घासत आणि ठिपके पुसले जात. मग तिने भिंग उलटं लावून आतल्या बाजूने ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपके शाबूत राहू लागले. आपल्या या युक्तीवर ती मनातून खूश होती. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? काच आरपार दिसते. ठिपके कुठल्या बाजूला आहेत, हे काकांच्या लक्षात यायचंही कारण नव्हतं.

पण मग त्यात बिघडलं काय? तिने पानाच्या समासात एक तिरकी रेघ काढली. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. रेघ दुसऱ्याच बाजूला कलली होती. फुगीर बाजू बाहेर ठेवून काकांनी भिंग बसवलं, की त्याचा कोनही असाच उलटा कलत होता. शेजारी एक उभी रेघ काढून पाहिली, ती उभीच राहिली. आडवी, ती आडवीच. म्हणून तर तिरक्या कोनाचे अकराच चष्मे परत आले होते आणि बाकीचे बिनबोभाट गेले होते.

काकांनी अकराच्या अकरा चष्मे बिनचूक बसवले होते, तिच्या चुकीच्या ठिपक्यांवर बिनचूक. जिन्यावरून पडलेल्या बाईंचं मनगट तिच्या हातून मोडलं होतं. तिने पहिली ओळ खोडली, उरलेलं सगळं लिहून काढलं आणि पान घेऊन मालकांच्या खोलीत गेली.

मालकांनी पानाची घडी घातली आणि न वाचताच खणात टाकली. खणात तशा कितीतरी घड्या होत्या. खालच्या पार पिवळ्या पडलेल्या.

"वाचत नाही तुम्ही?"

"मी कुणाचंच वाचत नाही," मालक म्हणाले. "पान मागायला आलात तेव्हा काकांना काढा म्हणत होतात. आता काय म्हणता?"

तिला एकदम हलकं वाटलं. मालकांना काहीच माहीत नव्हतं. उद्यापासून भिंग गुपचूप सुलटं लावलं की चष्मे नीट होतील, आणि काका गेले म्हणून नीट झाले, असंच सगळे म्हणतील. हे इतकं सोपं होतं, की आपल्याला ते सुचलं याचीच तिला लाज वाटली. काचेपलीकडे काका एक चष्मा चौथ्यांदा उजेडात धरून बघत होते.

"काकांचा काही दोष नाही," ती म्हणाली. "भिंग मी उलटं लावत होते. काढायचं तर मला काढा."

मालकांनी खण लोटला आणि एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"कुणाला काढा म्हणायचं असेल, तर आधी पान लिहावं लागतं, ठिपकेताई."